भाच्याच्या गेमिंग संगणकाची डिस्क: प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

भाचा सांगलीहून कॅबिनेट घेऊन आला. मित्राच्या गाडीत, मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून. बंद असलेली हार्ड डिस्क बरेच धक्के सोसते, चालू असलेली सोसत नाही, हे मी फोनवर सांगितलं होतं. तरी त्याने गोधडीच्या दोन घड्या घातल्या होत्या. बरं वाटलं.

यंत्र २०१९ चं, आम्ही दोघांनी मिळून जोडलेलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड आणि ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे) १ टीबी हार्ड डिस्क. तक्रार अशी की सायबरपंक २०७७ ची २.० आवृत्ती २१ सप्टेंबरला आली आणि तेव्हापासून गेम अडखळतो. किमान गरजांची यादी काढून शेजारी ठेवली. रायझन ५ १६००, जीटीएक्स १०६०, १२ जीबी रॅम. सगळ्यात आमचं यंत्र एक पायरी वर आहे. शेवटची ओळ मात्र ‘७० जीबी, एसएसडी’ अशी आहे, आणि तिथे आम्ही नापास. (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क.) ऑगस्टमध्ये आलेल्या बाल्डर्स गेट ३ च्या यादीतही १५० जीबी एसएसडीच मागितली आहे. आतापर्यंत एसएसडी ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात असायची, ती या वर्षी ‘असायलाच हवी’ या रकान्यात गेली.

शिकवण्या घेऊन साठवलेले ८,००० रुपये त्याच्याकडे आहेत. त्याचा बेत ठरलेला: ५०० जीबी एसएसडी आणि २ टीबीची नवी हार्ड डिस्क. “मामा, तूच सांगितलं होतंस ना, विंडोज एसएसडीवर आणि गेम हार्ड डिस्कवर?” हो, मीच सांगितलं होतं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. आता बरोबर आहे का, हे मोजून बघायची जबाबदारी माझी.

त्याची परीक्षा २० तारखेपर्यंत, म्हणून यंत्र इथे ठेवून तो उद्या परत जाणार. शिवाय पितृपक्ष चालू आहे आणि १४ तारखेच्या अमावस्येपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही, असं आईने बजावलं आहे. मोजमापाला आठवडा मिळाला.

८ ऑक्टोबर, रविवार

वेग मोजायच्या आधी डिस्कची तब्येत पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा इशारा: ‘करंट पेंडिंग सेक्टर’ ८. म्हणजे आठ सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे कप्पे) असे की जे डिस्कला वाचता आलेले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. आजच्या डिस्क आतून ४ केबीच्या तुकड्यांत लिहितात आणि बाहेर ५१२ बाइटांचे सेक्टर दाखवतात. आठ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर ४ केबी, तेव्हा प्रत्यक्षात एकच जागा खराब झाली असणार. एक असली तरी ती खराब आहेच.

‘डिस्कवर गेमशिवाय काय आहे?’ असं भाच्याला विचारलं. “आईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो. आणि आजोबांचं थोडं रेकॉर्डिंग.” दुसरी प्रत? नाही. सगळं काम बाजूला ठेवून आधी ते माझ्या डिस्कवर उतरवलं. ३१ जीबी. एक फोटो तीनदा अडला, चौथ्यांदा वाचला गेला. तो वाचला नसता तर आज ताईला काय सांगितलं असतं, हा विचार दिवसभर सुटला नाही.

मग आकडे. सलग वाचन १८१ एमबी प्रति सेकंद, हे चांगलं आहे. विखुरलेलं वाचन, ४ केबीचे तुकडे एकेक करून: ०.६ एमबी. दशांश चिन्ह चुकलेलं नाही. एकाच डिस्कचे हे दोन आकडे आहेत आणि त्यांच्यात तीनशे पटींचं अंतर आहे. सगळा प्रश्न या अंतरात दडलेला आहे.

संगणक सुरू करून ब्राउझर उघडेपर्यंत १ मिनिट ४८ सेकंद. सायबरपंकमध्ये साठवलेला खेळ उघडायला ७४ सेकंद. फोर्झा होरायझन ५ मध्ये गाडी वेगाने दामटली की डेटा पुरेसा वेगाने येत नसल्याचा इशारा पडद्यावर येतो आणि घरं, झाडं उशिरा उगवतात. टास्क मॅनेजर दुसऱ्या पडद्यावर उघडा ठेवला होता. डिस्क १०० टक्के व्यग्र, आणि वाचन सेकंदाला ९ एमबी. धावून धावून दमलेली, पण हातात काही नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार रात्री

हे असं का होतं ते भाच्याला फोनवर समजावलं. त्याला पटलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा असलेला सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखाली (हेड) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं धरणारा हात योग्य मार्गिकेवर न्यायला साधारण ९. एकूण १३. म्हणजे सेकंदाला फार तर ७७ वेळा हात कुठेतरी जाऊन काहीतरी आणू शकतो. प्रत्येक वेळी ४ केबीच आणले तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. (चाचणीत ०.६ एमबी दिसले, कारण चाचणीची फाइल १ जीबीच्या लहानशा पट्ट्यात बसते आणि हाताला लांब जावं लागत नाही.)

आता फोर्झा. गाडी ताशी ३०० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. डिस्कचा हात तेवढ्या वेळात ७७ चकरा मारणार. मीटरमागे एक चक्करसुद्धा धड नाही! आणि त्या एका मीटरच्या दोन्ही बाजूंना घर, कुंपण, झाड, माणसं, प्रत्येकाचं रंगरूप वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं. हे ऐकल्यावर भाचा काही क्षण गप्प झाला आणि म्हणाला, “मग आतापर्यंत चालत होतं तेच नवल.”

चालत होतं, कारण गेम बनवणाऱ्यांनी हाताच्या चकरा वाचवायला डेटाच्या प्रती करून ठेवल्या होत्या. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या व्याख्यानात स्पायडर-मॅन गेमचं उदाहरण दिलं होतं. टपालपेटीसारखी वस्तू शहराच्या प्रत्येक भागात लागते. हाताला दरवेळी एकाच जागी धावायला लागू नये म्हणून असा काही डेटा डिस्कवर ४०० वेळा लिहिलेला होता. जागा गेली तरी चालेल, पण हात हलायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आलं, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी घेऊन. त्यानंतर बनलेल्या गेमांना ही काळजी करायचं कारण उरलं नाही. जुना सल्ला तिथे मोडला. विंडोज एकदा सुरू झालं की रॅममध्ये बसून राहतं. डिस्कवर सतत हात मारतो तो गेम. मग वेगवान जागा कुणाला द्यायची?

१४ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या कपाटात एक २५० जीबीची जुनी साटा (हार्ड डिस्कसारखी वायरीने जोडायची) एसएसडी आहे. वस्तू घरातलीच, त्यामुळे अमावस्या आड येत नाही. दोन्ही गेम आळीपाळीने तिच्यावर हलवले.

सायबरपंकचा खेळ उघडायला १९ सेकंद. हार्ड डिस्कवर ७४ होते. फोर्झाचा इशारा गायब. विखुरलेलं वाचन ३४ एमबी.

सरासरी फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) मात्र तेवढ्याच. हार्ड डिस्कवर सेकंदाला ५८, इथे ५९. हे भाच्याला ठळकपणे सांगायचं, कारण नवीन डिस्क आली की गेम ‘फास्ट’ होईल अशी त्याची समजूत आहे. फ्रेम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बनवतात. डिस्कने बदलतो तो अडखळण्याचा भाग: चौकात वळताना एक क्षण जे थिजायचं, ते थिजणं गेलं. खेळताना जाणवतं ते हेच, सरासरीत मात्र दिसत नाही.

माझ्या कामाच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) आहे, पण प्रोसेसर वेगळा असल्याने तिथली तुलना धरणार नाही. नवी डिस्क आली की याच यंत्रावर मोजू.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

घटस्थापना झाली, आता खरेदीला हरकत नाही. तीन पर्याय मांडले.

पहिला, भाच्याचा: ५०० जीबी एसएसडी आणि २ टीबी हार्ड डिस्क. विंडोज आणि रोजची सामग्री ८० जीबी, सायबरपंक ७०, फोर्झा सव्वाशेच्या आसपास, बाल्डर्स गेट १५०. संपलं. शिवाय २ टीबीच्या काही स्वस्त हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांच्यात मार्गिका नळीच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, आणि म्हणून मोठं लेखन सुरू झालं की ही डिस्क रेंगाळते. २०२० मध्ये काही नामांकित डिस्कांवर हे लिहिलेलंच नव्हतं म्हणून बराच गदारोळ झाला होता. डेटा पत्रकात सीएमआर (मार्गिका एकमेकींवर न चढवलेली) की एसएमआर हे पाहिल्याशिवाय हार्ड डिस्क घेऊ नये.

दुसरा: १ टीबी एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क दुय्यम कामाला. तिसरा, २ टीबी एसएसडी, पण ती ८,००० च्या वर जाते.

दुसऱ्याकडे माझा कल आहे. भाव पाहिले तर १ टीबीची बरी एनव्हीएमई ४,३०० च्या आसपास, आणि तेवढ्याच जागेची नवी हार्ड डिस्क ३,५०० च्या. फरक ८०० रुपयांचा. कारखान्यांत फ्लॅशचा (एसएसडीतल्या चिपांचा) साठा तुंबल्याने या वर्षी भाव पडले आहेत. कंपन्यांनी उत्पादन कमी केलंय, तेव्हा हे टिकणार नाही. साटा एसएसडी एनव्हीएमईपेक्षा स्वस्त नाही, म्हणून तिचा विचार सोडला.

आता एसएसडीतली एसएसडी. एका पेशीत तीन बिट साठवले की टीएलसी, चार साठवले की क्यूएलसी. तीन बिटांना विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांना १६. पातळ्या जेवढ्या जवळजवळ, तेवढं लिहिणं नाजूक आणि सावकाश. वेग दाखवण्यासाठी दोन्ही प्रकार आधी काही पेशींमध्ये एकेकच बिट लिहून घेतात. ती जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या १ टीबी ८७० क्यूव्हीओच्या पत्रकात तर हे सरळ दिलंय: ४२ जीबीनंतर लेखन सेकंदाला ८० एमबी. म्हणजे भाच्याच्या जुन्या हार्ड डिस्कच्या निम्म्याहून कमी. शंभर जीबीचा गेम उतरवणाऱ्याला हे लागतंच लागतं.

झिजण्याची भीती ताईने बोलून दाखवली. तिच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की एसएसडी लिहून लिहून संपते. गणित केलं. हमीत ६०० टीबी लेखन, भाचा रोज ३० जीबी लिहितो असं धरलं, तर २०,००० दिवस. चोपन्न वर्षं. गेम मुख्यतः वाचतात, लिहीत नाहीत. ताईला एवढं सांगितलं की झिजेची काळजी सोड, पण तुझे फोटो एकाच जागी ठेवू नकोस.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी वीज नव्हती. काम नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

भाचा परीक्षा संपवून आला. दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने ७,००० एमबी वेगाची चौथ्या पिढीची डिस्क पुढे केली, ६,२०० रुपये. भाच्याचे डोळे चमकले. त्याला पेटीवरचं वाचायला लावलं आणि विचारलं, आपला बोर्ड कुठला? बी४५०. त्यावर तिसऱ्या पिढीचं पीसीआयई (डिस्क आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता). ती डिस्क लागेल, चालेल, पण ३,५०० च्या पुढे जाणार नाही. “आणि विखुरलेलं वाचन?” हे त्याने आपणहून विचारलं. पेटीवर तो आकडा नव्हता. या आठवड्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा हा प्रश्न.

घेतली ती १ टीबी, टीएलसी, तिसरी पिढी, पाच वर्षं हमी, ६०० टीबी लेखन. ४,३५० रुपये, पावतीसह. दुकानात ‘१६ टीबी’ लिहिलेली बाहेरून जोडायची एसएसडी कुणीतरी परत आणून दिली होती. उघडलेल्या डबीत मेमरी कार्ड चिकटवलेलं दिसत होतं. भाच्याला ते नीट दाखवलं.

उरलेल्या ३,६५० रुपयांचं काय? तो म्हणाला ठेवतो. मी म्हटलं, ताईच्या फोटोंसाठी १ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मी माझ्या पैशांनी घेतो. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायची वस्तू फिरत्या डिस्कवरच ठेवावी. एसएसडीतला विद्युतभार वीज न मिळता हळूहळू झिरपतो. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांवर, विजेविना, एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच मानकाची अपेक्षा आहे.

घरी येऊन पेटी उघडली तर स्क्रू नाही. मदरबोर्डबरोबर आलेला २०१९ मध्येच कुठेतरी गेला. परत बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. मोबाइल दुरुस्तीवाल्याने डबीत बोट फिरवून दोन मिलिमीटरचा बरोबर स्क्रू काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

२२ ऑक्टोबर, रविवार

हार्ड डिस्कची वायर काढली. तशीच ठेवून विंडोज टाकलं तर सुरू करणारा भाग कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की संगणक सुरू होत नाही. एसएसडी तिरकी आत सारली, खाली दाबली, स्क्रू बसवला. वरचं लेबल सोलायचं नाही. विंडोज नव्याने टाकलं. जुन्याची नक्कल करून आणता आली असती, पण चार वर्षांचा गाळ कशाला आणायचा?

मग हार्ड डिस्कची वायर परत लावली आणि ती दिसेचना. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) नाही. पेंडिंग सेक्टर आठवले आणि पोटात गोळा आला. फोटो सुरक्षित होते, तरी. वायर बदलली, वीज जोडणी बदलली, कानाला लावून ऐकलं, तर फिरत होती. पाऊण तासाने भाच्याने मदरबोर्डची पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय: एम.२ जागा (जिथे नवी एसएसडी बसवली ती) वापरली की साटाची पाचवी आणि सहावी जोडणी बंद होते. आमची वायर सहाव्यात होती. पहिलीत लावली, डिस्क हजर. बोर्डाबोर्डात हे वेगळं असतं, तेव्हा पुस्तिकेतली ती ओळ आधी वाचावी.

हार्ड डिस्क पूर्ण फॉरमॅट केली. अडीच तास. पेंडिंग ८ चे ० झाले, ‘रीअलोकेटेड’ ० चे ८. म्हणजे डिस्कने ती जागा सोडून राखीव जागा वापरायला घेतली. आता हा आकडा वाढतो का, एवढंच बघायचं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

सकाळी आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. पंख्याच्या जाळीपासून लांब ठेव, एवढीच विनंती केली.

आकडे: सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत २१ सेकंद. सायबरपंक १६ सेकंद. फोर्झाचा इशारा नाही. विखुरलेलं वाचन ५१ एमबी, सलग ३,३९० एमबी.

साटा एसएसडीवर सायबरपंकला १९ लागत होते. सलग वेग सहापट, आणि फायदा तीन सेकंदांचा. एवढ्या वेगाने डेटा आल्यावर तो उलगडण्यात प्रोसेसर अडकतो. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज ते काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवू शकतं, पण ते वापरणारे गेम अजून बोटांवर मोजण्याएवढे. हार्ड डिस्क सोडणं ही उडी आहे. त्यापुढच्या पायऱ्या या यंत्रासाठी लहान आहेत, आणि त्यासाठी १,८५० रुपये वाचवले ते योग्यच झालं.

जुनी हार्ड डिस्क आता कोठार. सध्या न खेळायचे गेम स्टीममधून (गेम विकत घ्यायचं आणि सांभाळायचं ॲप) तिकडे हलवायचे, खेळायची लहर आली की परत आणायचे. १०० जीबी आणायला ११-१२ मिनिटं. होस्टेलच्या ४० एमबीपीएस जोडणीवर तेवढंच उतरवायला साडेपाच तास लागतात. या कामाला ती उत्तम आहे, कारण हे सगळं सलग वाचन आहे आणि बिघडलीच तर काहीही कायमचं जाणार नाही.

दुपारी गाडी आली. कॅबिनेट पुन्हा गोधडीत.

५ नोव्हेंबर, रविवार

भाच्याने आकडे पाठवले. रीअलोकेटेड ८, तेवढेच. एसएसडीवर दोन आठवड्यांत ६१० जीबी लेखन, पण त्यात गेम पहिल्यांदा उतरवल्याचा मोठा वाटा. १५ टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितलं.

७ डिसेंबर २०२५, रविवार

दोन वर्षांनी ही वही उघडली. भाचा आता नोकरीला पिंपरीत, यंत्र तेच. त्याचा फोन: एसएसडी भरली, दुसरी घ्यायची आहे. भाव पाहिले आणि थबकलो. डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम आणि फ्लॅश दोन्ही महागलं आहे. मायक्रॉनने तर याच आठवड्यात ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

जागा कशाने भरली विचारलं. सर्वांत मोठा गेम हेलडायव्हर्स २, सुमारे १५४ जीबी. याच आठवड्यात त्याच्या निर्मात्यांनी तो २३ जीबीवर आणल्याचं सांगितलं. उरलेला सगळा भार प्रतींचा होता. हार्ड डिस्कवर खेळणाऱ्यांसाठी तोच डेटा पुन्हापुन्हा लिहिलेला, टपालपेटीचीच गोष्ट. असे खेळाडू त्यांच्याकडे ११ टक्क्यांच्या आसपास आहेत. प्रती काढून मोजलं तर हार्ड डिस्कवाल्यांना फक्त काही सेकंद जास्त लागले, कारण त्या गेममध्ये वेळ रणभूमी तयार करण्यात जात होता, वाचनात नव्हे. दहा ऑक्टोबरच्या नोंदीतलं माझं गणित चुकलेलं नाही, पण प्रत्येक गेमला ते लागू होतं असं मी धरून चाललो होतो, ते दुरुस्त करून ठेवतो. आधी मोजायला हवं.

भाच्याने नवी आवृत्ती निवडली. १३१ जीबी मोकळी झाली. खरेदी रद्द. हार्ड डिस्कचा रीअलोकेटेड अजून ८.